रस्त्याला लागून एक दार

...आणि वर तोंड करून मला विचारतात, "तुमचे मिस्टर घरात शिट्टी वाजवतात का?" शिट्टी! म्हणजे तुम्हाला सांगते, मी घर विकत घ्यायला गेले होते हो, कुणाच्या घरात सून म्हणून नांदायला नव्हते गेले! पैसे आमचे, घाम आमचा, आणि परवानगी कुणाची? तर शेजाऱ्यांची! तीन शेजारी, एक वही आणि एक बिस्किटांचा डबा. डबा उघडला, मी एक बिस्किट उचललं, की टप्प! झाकण बंद! दुसरं घेईन की काय ही धास्ती! बरं, डबा बंद करण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, मीही घरी तेच करते, पण निदान माणसाचा हात तरी बाहेर येऊ द्यावा...

नाही, थांबा, मी मुळापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही विलेमीन पडदे शिवता शिवता डोक्यानं गेली. पडदे शिवते हो मी, या हार्लेम गावात, जिथे निम्मे लोक पडदे लावत नाहीत आणि उरलेले लावून ओढत नाहीत, तिथे पस्तीस वर्षं पडदे शिवून पोट भरलंय, म्हणजे चिकाटी बघा! पण या घरापायी मीही रडकुंडीला आले. आणि मागणं काय होतं माझं? वाडा? गच्ची? बाग? छे! रस्त्याला लागून एक दार, बस्स!

कारण आमचा रिन्से. तुम्ही बघितलंय त्याला, गावात कोणी नाही बघितलं? एकतीस वर्षं स्पार्न नदीवरचा पूल उघडला-मिटला त्यानं. बोट आली की घंटा, फाटक खाली, पूल वर, इकडे सायकलवाले खोळंबून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतायत आणि हा आपला केबिनमधून टोपी हलवतोय. चारचौघांत रमणारा माणूस. आणि गेल्या डिसेंबरात अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, बोलणं परत आलं, पण डावा पाय काही ऐकेना. आणि आम्ही राहायला कुठे? तिसऱ्या मजल्यावर! आमचे ते जिने... जिने कसले, शिड्या त्या! एक्कावन्न पायऱ्या, एवढ्या अरुंद की पाऊल आडवं टाकावं लागतं, धडधाकट माणूससुद्धा दोर धरून देवाचं नाव घेत उतरतो. हा कसा उतरणार? तेव्हापासून दोनदा उतरला. दोन्ही वेळा दवाखान्यात जायला, आणि दोन्ही वेळा खुर्चीला बांधून.

एरवी खिडकी. खिडकीतून काय दिसतं? समोरची कौलं. कौलांवर काय? कबुतरं. एक दिवस सूप पिता पिता, अगदी सहज, मला म्हणतो कसा, "विल, मला आता बोटींचा भोंगा आठवत नाही गं." रडत नव्हता, तक्रार नव्हती... मीठ कमी आहे म्हणावं तसा म्हणाला. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले. आणि ठरवलं, काहीही होवो, या माणसाला खाली आणायचं.

पण आमच्या मोहल्ल्यात तळमजल्याचं घर, एकही पायरी नसलेलं? सोनं मिळेल हो! घराला घर चिकटलेलं, गल्लीत दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीनं पाहुण्यासारखं कोणाच्या तरी दारात शिरावं. आणि मोहल्ला सोडायचा नाही हं, कारण त्याचा पूल इथे, त्याचे लोक इथे. मग सुरू झाली घरं बघायची शर्यत. एजंट मिळाला, मीस नावाचा, वय सत्तावीस, बुटांची टोकं अशी की बूट आधी पोचतात, मीस मागून येतो. घर बघायला पंधरा मिनिटं. घड्याळ लावून! बाहेर रांग, आत रांग, बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या, न्हाणीघरात चार अनोळखी माणसं एकमेकांना "माफ करा हं" म्हणत सरकतायत, आणि मीस कानात कुजबुजतोय, "चेहरा पाडून ठेवा मॅडम, आवडलंय असं दाखवू नका." आवडलं तर ना!

रिन्सेनं मला गोटी दिली होती. "खिशात ठेव," म्हणाला, "जमिनीवर सोड. जुनी घरं, लाकडी खांबांवर उभी, खांब कुजले की घर कलतं. गोटी खोटं बोलत नाही." एका घरात सोडली. गोटी निघाली... बैठकीतून निघाली, हळूहळू वेग घेतला, लोकांनी पाय उचलले, ती स्वयंपाकघरातून गेली आणि मागच्या दाराखालून बाहेर! गोटीसुद्धा त्या घरात थांबायला तयार नव्हती! मालकीणबाई म्हणतात, "घराला जरा स्वभाव आहे." आणि ते घर, ऐका, तेसुद्धा मागितल्यापेक्षा साठ हजार युरो जास्त देऊन कोणीतरी नेलं! कारण आमच्याकडे बोली कशी, तर डोळ्यांवर पट्टी बांधून. मंगळवारी बाराच्या आत आकडा कळवायचा, दुसऱ्यानं काय लिहिलंय ते कळणार नाही, आणि एक वाजता मीसचा फोन, "मॅडम, थोडक्यात हुकलं." सहा वेळा! सहा मंगळवार! किती थोडक्यात ते विचारायचं नाही. आणि मागणं काय माझं? रस्त्याला लागून एक दार!

मग मीसनं अक्कल दिली. "आधी तुमचं विका मॅडम, म्हणजे बोलीला वजन येतं." विकलं. चार दिवसांत गेलं! एक तरुण जोडपं, गोड हो, दृष्ट लागावी असं, पण दर शनिवारी टेप घेऊन माप घ्यायला हजर. रिन्से खुर्चीत बसलेला आणि ती त्याच्याभोवती टेप फिरवतेय, "इथे पाळणा येईल, हे... हे इथून निघेल ना?" हे म्हणजे खुर्ची, बरं का, रिन्से नव्हे. असं मी धरून चालले. एक नोव्हेंबरला किल्ल्या द्यायच्या, सही झालेली, मागे फिरायला जागा नाही. आणि सप्टेंबर उजाडला तरी हातात काय? गोटी!

तेवढ्यात हिलेगोंडाआजींचं घर निघालं. शहाऐंशी वर्षांच्या आजी, लेकीकडे निघाल्या. लाल विटांची इमारत, मधल्या अंगणाभोवती बावीस घरं, आजींचं कोपऱ्यातलं, आणि दार... दार थेट रस्त्यावर! उंबरा आणि फरशी एका पातळीत! मी पंधरा मिनिटांतली पाच मिनिटं तिथे वाकून उंबऱ्यावरून हातच फिरवत होते, लोक मला ओलांडून जात होते. गोटी सोडली. गोटी जिथल्या तिथे! बोली लावली, होतं नव्हतं ते सगळं लावलं. मंगळवार, एक वाजला. फोन नाही. सव्वा. फोन नाही. रिन्से म्हणतो, "विल, सातवं गेलं बहुतेक." दीड वाजता मीस, "मॅडम, आपण दुसऱ्या नंबरवर होतो, पण आजी म्हणाल्या, बाकीचे सगळे भिंती कुठल्या पाडायच्या तेच बोलत होते, उंबऱ्यावाल्या बाईला द्या." मी किंकाळी फोडली! खालच्या मजल्यावरून झाडू ठोकला त्यांनी, ठोकू देत!

"फक्त एक आहे मॅडम," मीस म्हणतो. त्याचं ते 'फक्त' आलं की मी आधी खुर्ची ओढून बसते. "इमारत सोसायटीची आहे. नवा माणूस घ्यायचा तर कमिटी भेटते. त्यांनी नाही म्हटलं, तर नाही." "कारण द्यावं लागतं का?" "नाही." "कोणाला नाही म्हटलंय का याआधी?" मीस बुटांकडे बघत असणार, मला फोनवरूनही कळलं. "गेल्या वर्षी दोघांना."

तेवीस सप्टेंबर, शनिवार, सकाळी साडेदहा, कॉफीच्या वेळेला, अध्यक्षीणबाईंच्या घरी. 'दोघांनीही यावे,' असं लिहिलेलं. दोघांनी? मी याला एक्कावन्न पायऱ्या कशी उतरवू? रात्री आम्ही ठरवलं, सर्दी सांगायची. कारण हा म्हणाला, "आजारी माणूस नको म्हणतील गं. बोल कमी. विचारतील तेवढंच. लाल दिवा असला की थांबायचं."

अध्यक्षीण म्हणजे स्लिंगरलांडबाई. सत्तरी ओलांडलेल्या, ताठ, गळ्यात मोती, हसू अगदी मोजूनमापून. त्यांच्या उजवीकडे सेक्रेटरी गेरलोफ, निवृत्त भूमापक, वही उघडून बसलेला, मी "नमस्कार" म्हटलं तर तेही लिहून घेतलं! डावीकडे मिर्थे, तान्ह्या बाळाची आई, झोप न झालेली, तिला एकच चिंता, आवाज. शिट्टी तिनंच विचारली. कॉफी झाली, ते बिस्किट झालं, आणि सुरू!

"भिंतीत खिळे ठोकता?" ... "दुपारी एक ते तीन नाही." "सायकली किती?" ... "दोन. एक उभीच असते." "का?" लाल दिवा, विलेमीन, लाल दिवा! "असंच." गेरलोफ लिहितोय. "आमच्याकडे अंगण झाडायची पाळी असते, प्रत्येक घरातून दोघं. जमेल?" "जमेल." "मिस्टर आले नाहीत?" "त्यांना ना, सर्दी झालीय." तेवढ्यावर थांबायचं की नाही मी? तर मिर्थेनं बाळाच्या काळजीनं विचारलं, "कधीपासून?" आणि माझ्या तोंडून गेलं, "डिसेंबरपासून."

डिसेंबरपासून! सप्टेंबर चालू! तुम्हाला सांगते, गेरलोफच्या पेनाचा आवाज मला ऐकू येत होता, आणि हा मनुष्य 'डिसेंबर' हा शब्द लिहायला केवढा वेळ लावतो! माझ्या डोळ्यांपुढे एक नोव्हेंबर, ते पाळण्याचं जोडपं, आणि फुटपाथवर खुर्चीत रिन्से. मी म्हटलं, "जरा... संडास कुठाय?"

आता आमचे संडास म्हणजे केवढे, बसलं की गुडघे दाराला आणि नाक भिंतीला. आणि नाकासमोर काय? वाढदिवसांचं कॅलेंडर! ते सगळ्यांच्याच संडासात असतं, माझ्याही आहे, त्याशिवाय रोज वाचून होणार कुठे? मी आपली श्वास घेतेय, नजर समोर, सप्टेंबर... तेवीस... 'बास्तियान'. तेवीस म्हणजे आज! बास्तियान म्हणजे? बैठकीत तो कपाटावर फोटो नाही का, मिशीवाले, बाईंच्या खांद्यावर हात ठेवून? नवरा! अगं बाई! नवऱ्याचा वाढदिवस, आणि मी घरात शिरून अर्धा तास झाला, कोणाचं अभिनंदन केलं नाही! तुम्हाला काय सांगायचं, आपल्यात ज्याचा वाढदिवस त्याचं अभिनंदन, त्याच्या बायकोचं अभिनंदन, सासूचं, मेहुण्याचं, दारात उभ्या असलेल्या शेजाऱ्याचंसुद्धा, आणि मी केलं नाही! म्हणूनच मघापासून ती तिघं तुटक वागतायत, ठरलं! मी नळ सोडला, चेहऱ्यावर हसू चढवलं आणि बाहेर आले.

बाहेर आले ती थेट स्लिंगरलांडबाईंकडे. हात धरला, गालांवर पापे, एक दोन तीन, "अभिनंदन बाई! मिस्टरांच्या वाढदिवसाचं मनापासून अभिनंदन!" मग गेरलोफ, त्याचा हात पेनासकट हलवला, "बास्तियानरावांचं अभिनंदन!" मिर्थेचं अभिनंदन! आणि वर, माझी जीभ झडो, "उत्सवमूर्ती कुठायत? लपवून ठेवलंत होय?"

मिर्थेनं डोळे मिटले. गेरलोफनं वही मिटली, आणि अगदी हळू म्हणाला, "चार वर्षं झाली त्यांना जाऊन."

संपलं! घर संपलं, दार संपलं, रिन्से कबुतरांत म्हातारा होणार, संपलं! धरणी पोटात घेईल तर बरं. माणसानं अशा वेळी काय करावं? माफी मागावी, पर्स उचलावी आणि निघावं. आणि मी काय केलं? घाबरले ना की मला खरं बोलायची खोड आहे. मी बाईंचा हात सोडलाच नाही. म्हटलं, "किती झाले असते आज?"

बाईंचा हात मोत्यांवर गेला. "अठ्ठ्याहत्तर," म्हणाल्या. आणि उठून आत गेल्या. मला वाटलं, आता दार दाखवायला माणूस आणतायत. तर बाहेर आल्या त्या हातात केक घेऊन! अख्खा, सफरचंदाचा, न कापलेला! टेबलावर ठेवला, आणि गेरलोफला म्हणतात, "दर वर्षी आणते मी. दर वर्षी एक तुकडा ओट्याशी उभी राहून खाते, उरलेला टाकते. तीस वर्षं तुम्ही दोघं एका होडीत मासे पकडलेत, आणि तुम्हाला तारीख आठवत नाही?"

गेरलोफ लालबुंद. "आठवते हो," म्हणतो, "पण आम्हाला सगळ्यांना वाटलं, विषय काढला तर तुम्हाला त्रास होईल..."

"तुम्हाला वाटलं! चार वर्षं सगळ्या इमारतीला नुसतं वाटतंय! आणि ही कोण कुठली बाई, संडासातून बाहेर येते आणि..." इथे त्यांचा आवाज फुटला. मग मीही रडले, मिर्थे तर आधीच रडत होती, झोप नव्हती ना तिला. खुर्च्या गोल लावल्या, केक कापला, गेरलोफ बास्तियानरावांची गोष्ट सांगायला लागला, होडी उलटली तेव्हाची, आणि बाई हसताहेत, रुमाल डोळ्याला लावून हसताहेत. दुसरा तुकडाही दिला मला, बरं का! आणि मध्येच वळून म्हणाल्या, "आता तुझं सांग. सर्दी आहे का खरंच?" मी सगळं सांगून टाकलं. पूल, पाय, पायऱ्या, बोटीचा भोंगा. म्हटलं, त्याला झाडता येणार नाही, त्याची पाळी मी करीन, दोन्ही पाळ्या करीन, शिट्टी तो वाजवतो हेही खरंय, पण मागणं एवढंच माझं, रस्त्याला लागून एक दार.

बाईंनी माझा हात थोपटला. मला वाटलं, आता म्हणतील, घर तुझं! डोळे पुसले, मोती नीट केले, आणि म्हणाल्या, "निर्णय आठ दिवसांत पत्रानं कळवू. नियम आहे."

नियम! केक खाऊन नियम! आठ दिवस मला झोप नाही. नवव्या दिवशीही पत्र नाही. रिन्से कबुतरांकडेच बघायचा जास्त. दहाव्या दिवशी खाली पत्र पडल्याचा आवाज आला, मी एक्कावन्न पायऱ्या कशा उतरले ते त्या दोरालाच ठाऊक. वरून हा ओरडतोय, "काय म्हणतात?" मला चष्म्याशिवाय दिसेना! पुन्हा वर, चष्मा, वाचलं. 'कमिटीची हरकत नाही. अंगण झाडण्याची पाळी श्रीमती विलेमीन. श्री. रिन्से यांना बसून करण्याचे काम देण्यात येत आहे, ते म्हणजे बावीस घरांची पार्सले ताब्यात घेणे. शिट्टी दुपारी एक ते तीन बंद.' खाली गेरलोफची सही, आणि सहीखाली पट्टीनं ओढलेली सरळ रेघ! दोनदा वाचलं मी. रिन्सेनं पत्र माझ्या हातातून घेतलं, उलटं धरलं, सुलटं केलं, आणि तोंड खिडकीकडे वळवून बसला, कारण त्याला रडताना मी बघावं हे त्याला चालत नाही.

सामान उतरवायला गाडी आली, ती शिडीवरची सरकती फळी खिडकीला लावली, सोफा गेला, कपाट गेलं. हा म्हणतो, "मलाही ठेवा तिच्यावर!" तो गाडीवाला, "काका, माणसं नाही उतरवत आम्ही, विमा नाही." "सोफ्याला आहे, मला नाही?" शेवटी काय केलं माहितीये? बसला पहिल्या पायरीवर आणि बसल्या बसल्या घसरत एकेक पायरी उतरला. मी पुढे, उलटी, त्याचा डावा पाय हातात धरून. पन्नास मिनिटं! शेवटची पायरी आली, रस्त्यावर पाय टेकला, आणि तेवढ्यात नदीवर एका बोटीनं भोंगा दिला. मला म्हणतो, "हा कोळशाच्या बोटीचा नाही, रेतीच्या."

तर असं मिळालं घर. छान आहे हो घर! भिंती रंगवल्या, त्याची आरामखुर्ची शेगडीजवळ लावली, पायाखाली गालिचा. आणि तो? सकाळी सातला दार उघडतो, बाहेरच्या बाकावर जाऊन बसतो, तो दिवे लागले तरी आत नाही! पार्सलं आहेत ना! पार्सल घ्यायला येतो तो तासभर बसतो. गेरलोफ बसलेला, मिर्थेचं बाळ याच्या मांडीवर, स्लिंगरलांडबाई स्वतःची कॉफी घेऊन येतात, पाववाला थांबतो, टपालवाली थांबते, आणि हा शिट्ट्या वाजवतोय! जेवायला हाक मारली तर म्हणतो, "इथेच दे." परवा मी वैतागून म्हटलं, "अरे, एवढं जिवाचं रान करून घर घेतलं, एकदा आत येऊन बघ तरी कसं दिसतंय!" तर म्हणतो, "बघतो की रोज, खिडकीतून."

काय करणार सांगा! काल मीही एक खुर्ची उचलली आणि बाहेर आणून टाकली. थंडी मी म्हणतेय, गुडघ्यांवर घोंगडी, हातात शेजाऱ्यांची पार्सलं... आणि ते घर, सात मंगळवार, एक कमिटी आणि एक केक खाऊन मिळवलेलं आमचं घर, बसलंय आत शेगडीजवळ, एकटंच!